क्लेअरचे दोन खासदार आणि चाळीस शिलिंगांचं मत

ओ'कॉनेल २,०५७. फिट्झजेरल्ड ९८२. जुलै १८२८ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर काउंटीत झालेल्या पोटनिवडणुकीचा हा निकाल. आयर्लंडच्या इतिहासाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात तो असतो. एकूण मतं ३,०३९, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीइतकी. तरी या निकालामुळे ब्रिटिश सरकारला कॅथलिकांना संसदेबाहेर ठेवणारा कायदा नऊ महिन्यांत बदलावा लागला.

तो का बदलावा लागला, हे निव्वळ आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी मत कुणाला होतं, ते कुठे आणि कुणासमोर द्यावं लागायचं, आणि निवडून आलेल्या माणसाला सभागृहाच्या दारात काय करावं लागायचं, हे पाहावं लागतं. उमेदवारांच्या भाषणांपेक्षा या नियमांनीच क्लेअरचा खासदार अधिक वेळा ठरवला, असं आमचं मत आहे. त्यामुळे इथे भाषणं कमी आणि नियम जास्त आहेत.

काउंटी आणि बरो

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आयर्लंडात अशा ३२ काउंट्या. १८०० पर्यंत डब्लिनमध्ये आयर्लंडची स्वतःची संसद होती आणि तिच्या कनिष्ठ सभागृहात ३०० सदस्य होते. प्रत्येक काउंटीचे २ याप्रमाणे ६४, डब्लिन विद्यापीठाचे २, आणि उरलेले २३४ जण ११७ 'बरों'मधून यायचे. बरो म्हणजे सनद मिळालेलं शहर किंवा गाव. यातली कित्येक गावं नावापुरतीच उरली होती आणि त्यांच्या जागा एखाद्या जमीनदार घराण्याच्या खिशात असायच्या. म्हणून काउंटीचा सदस्य असणं जास्त मानाचं होतं. तिथे निदान खरे मतदार तरी होते.

१ जानेवारी १८०१ पासून ही संसद बंद झाली आणि आयर्लंडला लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेत १०० जागा मिळाल्या. काउंट्यांचे ६४ सदस्य तसेच राहिले. डब्लिन आणि कॉर्क शहरांना प्रत्येकी २, विद्यापीठाला १, आणि निवडक ३१ बरोंना प्रत्येकी १. यात क्लेअरच्या वाट्याला तीन जागा आल्या: काउंटीच्या दोन, आणि काउंटीचं मुख्य ठिकाण असलेल्या एनिस गावाची एक.

जुन्या याद्या वाचताना इथेच घोळ होतो. 'एनिसचा खासदार' आणि 'क्लेअरचा खासदार' ही दोन वेगळी पदं. पण काउंटीचं मतदान एनिसच्याच कोर्टाच्या इमारतीत व्हायचं, त्यामुळे १८२८ चा निकाल पुष्कळदा चुकून 'एनिसची निवडणूक' म्हणून सांगितला जातो. ती निवडणूक काउंटीची होती.

दोन जागा म्हणजे मतदारसंघाचे दोन तुकडे नव्हेत. सगळी काउंटी मिळून दोघांना निवडायची आणि सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक मतदाराकडे दोन मतं असायची. आपल्याकडेही १९५२ आणि १९५७ मध्ये काही मतदारसंघ दोन जागांचे होते; बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून हरले, तो मतदारसंघ असाच होता. आयर्लंडमधला मतदार हवं तर एकच मत देऊन दुसरं वाया घालवू शकायचा. अशा मताला तिकडे 'प्लंपर' म्हणत. आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला चुकूनही हातभार लागू नये, म्हणून कार्यकर्ते मतदारांना प्लंपर द्यायला शिकवायचे. याचा हिशेबावर परिणाम होतो. दोन जागांच्या निवडणुकीत सगळ्या उमेदवारांच्या मतांची बेरीज केली, तर ती मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त निघते, पण बरोबर दुप्पट निघत नाही. पोटनिवडणूक एका जागेची असते आणि मतही एकच, म्हणून १८२८ मध्ये मात्र ३,०३९ मतं म्हणजे ३,०३९ माणसं असं सरळ धरता येतं.

चाळीस शिलिंगांचा मतदार

काउंटीत मत द्यायचं तर पुरुष 'फ्रीहोल्डर' हवा, आणि त्याची जमीन खंड वजा जाता वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे दोन पौंड, उत्पन्नाची हवी. इंग्लंडमध्ये फ्रीहोल्डर म्हणजे बहुतेक वेळा जमिनीचा मालक. आयर्लंडात गोष्ट निराळी होती. तिथे जमीनदार कुळाला 'जिवांचा पट्टा' द्यायचा. पट्ट्यात तीन माणसांची नावं लिहिलेली असत, बऱ्याचदा कुळाचं, त्याच्या मुलाचं आणि आणखी एखाद्याचं, आणि त्या तिघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत पट्टा चालायचा. ठरावीक वर्षांचा पट्टा कितीही लांबचा असला तरी कायद्याच्या नजरेत तो फ्रीहोल्ड नव्हता. जिवांचा पट्टा मात्र फ्रीहोल्ड होता, कारण त्याची अखेरची तारीख कुणालाच माहीत नसायची. त्यामुळे वर्षभर खंड भरणारं, बटाट्यावर जगणारं कूळही मतदार होऊ शकायचं.

जमीनदारांना हे पथ्यावर पडलं. ज्याच्या जमिनीवर मतदार जास्त त्याचं सरकारदरबारी वजन जास्त, आणि त्या वजनावर नातेवाइकांना नेमणुका मिळायच्या. १७९३ मध्ये आयर्लंडात बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांनाही मताचा हक्क मिळाला, तेव्हा तर जमिनीचे लहान तुकडे पाडून मतदार वाढवण्याची चढाओढच लागली. कुळानं शपथेवर 'माझी जमीन खंडाच्या वर चाळीस शिलिंगांची आहे' असं सांगायचं आणि नाव नोंदवायचं. कित्येकदा ती तेवढ्या किमतीची नसायचीही.

मतदान गुप्त नव्हतं. मतदार कोर्टात यायचा, त्याचं नाव यादीत तपासलं जायचं, आक्षेप आला तर त्याला शपथ घ्यावी लागायची, आणि मग तो उमेदवाराचं नाव मोठ्यानं घ्यायचा. कारकून ते वहीत लिहायचा. जमीनदाराचा कारभारी शेजारीच उभा असायचा. कुळाचा खंड थकलेला असला, आणि बहुतेकांचा थकलेलाच असायचा, तर विरोधात मत देणं म्हणजे घर सोडायची तयारी ठेवणं. म्हणूनच अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला आयरिश काउंट्यांच्या जागा बहुधा मोठ्या घराण्यांनी आपापसात वाटून घेतल्या, आणि पुष्कळ निवडणुकांत मतदानाची वेळच आली नाही.

१८२८: साखळी कुठे तुटली

कॅथलिकांना मत होतं, पण सभागृहात बसता येत नव्हतं. निवडणूक लढवायला बंदी नव्हती. अडसर दारातल्या शपथेचा होता. धर्माच्या बाबतीत राजाच श्रेष्ठ आहे असं सदस्याला शपथेवर म्हणावं लागे. शिवाय कॅथलिक प्रार्थनाविधी आणि संतांची आराधना अंधश्रद्धेची व मूर्तिपूजेची आहे, असं जाहीर करावं लागे. श्रद्धावान कॅथलिक माणसानं हे तोंडातून काढणं शक्यच नव्हतं.

१८२३ मध्ये डॅनियल ओ'कॉनेल या वकिलानं कॅथलिक असोसिएशन स्थापन केली. पुढच्या वर्षी महिन्याला एक पेनी वर्गणी सुरू झाली. ती चर्चच्या दारात गोळा व्हायची. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे या वर्गणीमुळे गावोगाव माणसं जोडली गेली आणि प्रत्येक ठिकाणी हिशेब ठेवणारं कुणीतरी तयार झालं. १८२६ मध्ये वॉटरफर्ड काउंटीच्या कुळांनी बलाढ्य बेरेसफर्ड घराण्याचा उमेदवार पाडला, तेव्हाच जमीनदारांची पकड सुटू शकते हे दिसलं होतं.

क्लेअरची जागा मात्र एका तांत्रिक कारणानं रिकामी झाली. तिथले खासदार विल्यम व्हेसी फिट्झजेरल्ड यांना पंतप्रधान वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात व्यापारखातं मिळालं. राजाकडून पगार मिळणारं पद स्वीकारलं की खासदाराची जागा आपोआप रिकामी व्हायची आणि त्याला मतदारांपुढे पुन्हा जावं लागायचं, असा तेव्हा नियम होता. बहुतेक वेळा हा नुसता उपचार असे. फिट्झजेरल्ड लोकप्रिय होते आणि स्वतः प्रॉटेस्टंट असूनही कॅथलिकांना हक्क मिळावेत या मताचे होते. पण वेलिंग्टनच्या सरकारला साथ देणाऱ्या प्रत्येकाला विरोध करायचा, असा असोसिएशनचा ठराव होता. योग्य प्रॉटेस्टंट उमेदवार मिळेना, तेव्हा ओ'कॉनेल स्वतः उभे राहिले.

मतदान पाच दिवस चाललं आणि तेही फक्त एनिसमध्ये. क्लेअरचा नकाशा पाहिला तर याचा अर्थ कळतो: पश्चिमेला अटलांटिकमध्ये घुसलेलं लूप हेड, पूर्वेला शॅनन नदीकाठचं किलालू. या दोन टोकांवरून कुळं चालत आली. त्यांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करायची, त्यांना दारूपासून लांब ठेवायचं आणि कुठेही मारामारी होऊ द्यायची नाही, हे असोसिएशननं आणि पाद्र्यांनी सांभाळलं. दारूबंदी केवळ नीतीसाठी नव्हती. मतदारांना पाजून फितवणं हा रूढ मार्ग होता, आणि दंगल झाली असती तर सैन्य आलं असतं आणि निवडणूक रद्द करायला निमित्त मिळालं असतं. पूर्वी जमीनदार आपल्या कुळांना कळपासारखं मतदानाला आणायचे. यावेळी कुळं त्यांच्याबरोबर आली खरी, पण कोर्टात उभं राहून तिसऱ्याच माणसाचं नाव घेऊन गेली. उघड मतदानाची भीती इथे उलट कामाला आली: शेजारी, नातेवाईक आणि पाद्रीही ते नाव ऐकत होते.

५ जुलैला शेरीफनं निकाल जाहीर केला. हा शेरीफ मुंबईच्या शेरीफसारखा मानाच्या पदापुरता नव्हता. निवडणूक घेणं आणि विजेत्याचं नाव लंडनला कळवणं हे त्याचंच काम असे. आता सरकारसमोर दोनच वाटा होत्या. शपथ बदलायची, किंवा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत काउंटीमागून काउंटीत हेच पाहायचं.

हक्क मिळाला, मतदार गेले

१३ एप्रिल १८२९ रोजी कॅथलिक मुक्ततेच्या कायद्यावर राजाची सही झाली. कॅथलिकांसाठी नवी शपथ आली. मात्र त्या कायद्याच्या जोडीला दुसरा कायदा झाला, आणि तो बऱ्याच कथनांत सुटून जातो. आयर्लंडच्या काउंट्यांत मतासाठीची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली गेली, म्हणजे थेट पाचपट. काउंट्यांतले सुमारे २ लाख १६ हजार मतदार ३७ हजारांच्या घरात आले. एनिसला चालत गेलेल्या ज्या कुळांच्या जोरावर हा हक्क मिळाला, त्यांच्यापैकी बहुतेकांचं मतच गेलं. या व्यवहाराला ओ'कॉनेल यांनी पुरेशा जोरानं विरोध केला नाही, आणि आमच्या मते हा डाग त्यांच्या मोठेपणानं पुसला जात नाही.

नवी शपथ 'या कायद्यानंतर निवडून येणाऱ्यां'साठी होती आणि ओ'कॉनेल आधीच निवडून आले होते. मे १८२९ मध्ये ते सभागृहात गेले तेव्हा त्यांच्यापुढे जुनीच शपथ ठेवली गेली. त्यांनी ती वाचली आणि सांगितलं की यातलं एक विधान खोटं असल्याचं मला माहीत आहे आणि दुसरं मला पटत नाही. सभागृहानं १९० विरुद्ध ११६ मतांनी त्यांना बसू देण्याचं नाकारलं. क्लेअरला पुन्हा निवडणुकीचा हुकूम गेला, जुलैमध्ये ते बिनविरोध निवडून आले आणि फेब्रुवारी १८३० मध्ये सभागृहात बसले. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते वॉटरफर्डकडे वळले. म्हणजे क्लेअरचे खासदार म्हणून ते सभागृहात प्रत्यक्ष बसले ते जेमतेम काही महिनेच.

१८२८ मध्ये ओ'कॉनेल यांचं नाव सुचवणारे ओ'गॉर्मन महॉन १८३० मध्ये स्वतः क्लेअरचे खासदार झाले. लाचखोरीच्या तक्रारीवरून त्यांची जागा गेली आणि पोटनिवडणुकीत ती ओ'कॉनेल यांचे पुत्र मॉरिस यांना मिळाली. महॉन १८७९ मध्ये, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी, पुन्हा क्लेअरचे खासदार झाले.

गुप्त मतपत्रिका आणि दोन तुकडे

मधला काळ खडतर होता. १८४५ नंतरच्या दुष्काळानं क्लेअर उद्ध्वस्त झाली. १८५० मध्ये पट्ट्याच्या प्रकाराची अट काढून १२ पौंड आकारणीच्या जमिनीवर बसलेल्या कुळालाही मत दिलं गेलं. आयर्लंडातले एकूण मतदार सुमारे ४५ हजारांवरून १ लाख ६३ हजारांच्या आसपास गेले. पण मत अजून उघडच होतं. २२ जुलै १८५२ रोजी सिक्समाइलब्रिज गावात जमीनदाराच्या कुळांना मतदानासाठी घेऊन जाणाऱ्या सैनिकांनी जमावावर गोळीबार केला आणि किमान सहा माणसं मारली गेली. ती निवडणूक पुढे तक्रारीवरून रद्द ठरली आणि १८५३ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. गुप्त मतपत्रिका आली १८७२ मध्ये.

१८८४–८५ च्या कायद्यांनी सगळा साचाच बदलला. घरधनी असलेल्या बहुतेक पुरुषांना मत मिळालं आणि आयर्लंडचे मतदार सव्वादोन लाखांवरून सात लाखांच्या पुढे गेले. एनिसची वेगळी जागा बंद झाली आणि क्लेअरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन एकजागी मतदारसंघ झाले. म्हणून 'काउंटी क्लेअर' या मतदारसंघाची यादी १८८५ ला थांबते. पुढची नावं 'पूर्व क्लेअर' आणि 'पश्चिम क्लेअर' या दोन याद्यांत शोधावी लागतात.

या काळात खासदाराला पगार नव्हता. वर्षाला ४०० पौंड मिळू लागले ते १९११ पासून. स्वराज्याची मागणी करणारा आयरिश पक्ष गरजू सदस्यांना स्वतःच्या निधीतून भत्ता द्यायचा आणि १८८४ पासून त्यांच्याकडून लेखी वचन घ्यायचा: पक्षाबरोबर बसेन, पक्षाबरोबर मत देईन, नाहीतर राजीनामा देईन. काउंटीचा खासदार आता जमीनदार घराण्याचा प्रतिनिधी राहिला नाही. तो पक्षाचा माणूस झाला. उमेदवार स्थानिकच हवा असंही उरलं नाही. पश्चिम क्लेअरचे १९०९ पासूनचे खासदार आर्थर लिंच ऑस्ट्रेलियात जन्मलेले होते, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढले होते आणि राजद्रोहासाठी त्यांना फाशीची शिक्षा झाली होती. ती पुढे माफ झाली.

मतदान न झालेल्या निवडणुका

पूर्व क्लेअरचे खासदार विली रेडमंड आयरिश स्वराज्याचे, म्हणजे होमरूलचे, पुरस्कर्ते. हाच शब्द १९१६ मध्ये टिळकांनी आपल्या होमरूल लीगसाठी उचलला. रेडमंड ७ जून १९१७ रोजी, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममध्ये मेसीनच्या लढाईत मारले गेले. त्यांच्या जागेसाठी जुलैमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत, १९१६ च्या ब्रिटिशविरोधी उठावातले, नुकतेच तुरुंगातून सुटलेले नेते इमन डी व्हॅलेरा यांना ५,०१० आणि त्यांचे प्रतिस्पर्धी पॅट्रिक लिंच यांना २,०३५ मतं पडली. अर्ध्या काउंटीत ७,०४५ मतं. १८२८ मध्ये अख्ख्या काउंटीत पडली होती त्याच्या दुपटीहून अधिक.

यानंतरच्या याद्यांवरून क्लेअरचा कल काढताना फार सांभाळावं लागतं. १९१८ मध्ये पूर्वेत डी व्हॅलेरा आणि पश्चिमेत ब्रायन ओ'हिगिन्स बिनविरोध निवडून आले. दोघंही शिन फेनचे, म्हणजे लंडनची संसद न मानणाऱ्या स्वातंत्र्यवादी पक्षाचे, त्यामुळे दोघंही लंडनला गेले नाहीत. शिन फेनच्या निवडून आलेल्या सदस्यांनी २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये स्वतःची संसद, डॉइल, भरवली. १९२१ मध्ये क्लेअर पुन्हा एकसंध मतदारसंघ झाला आणि त्याला चार जागा मिळाल्या. त्या वर्षीही सगळे बिनविरोध, १९२२ मध्येही तेच. १९१८ च्या कायद्यानं तीस वर्षांवरच्या बऱ्याच बायकांना मत मिळालं होतं, पण संसदेच्या निवडणुकीत क्लेअरमधल्या बायकांना मतपत्रिका हातात धरायला मिळाली ती थेट ऑगस्ट १९२३ मध्ये. बिनविरोध म्हणजे एकमत, असं समजू नये. विरोधक नव्हता, किंवा उभं राहायला धजावला नाही, एवढंच त्यातून कळतं.

१९२३ मध्ये स्वतंत्र झालेल्या आयर्लंडच्या डॉइलमध्ये क्लेअरला पाच जागा होत्या आणि पद्धत होती एकल संक्रमणीय मताची. आपल्याकडे राज्यसभा आणि विधान परिषदेसाठी आमदार याच पद्धतीनं मत देतात, त्यामुळे 'कोटा' आणि 'दुसऱ्या पसंतीची मतं' हे शब्द ओळखीचे असतील. मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. वैध मतांना जागा अधिक एक यानं भागायचं आणि पूर्णांकात एक मिळवायचा. पाच जागा आणि समजा ३०,००० वैध मतं, तर कोटा ५,००१. एखाद्याला १५,००० पहिल्या पसंतीची मतं पडली, तर त्याची ९,९९९ जादा मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवारांकडे जातात. विधान परिषदेत प्रत्येक मतपत्रिकेची किंमत १०० धरून जादा मताचा अंश पुढे नेतात. आयर्लंडात जादा मतांइतक्या मतपत्रिकाच, पुढच्या पसंतीच्या प्रमाणात वेगळ्या करून, हलवल्या जातात. ज्याला सर्वांत कमी मतं त्याला बाद करून त्याच्या पत्रिकाही अशाच वाटल्या जातात.

प्रचाराच्या वेळी एनिसमध्ये व्यासपीठावरच नव्या आयरिश सरकारनं डी व्हॅलेरा यांना अटक केली. त्यांना पहिल्या पसंतीची १७ हजारांहून अधिक मतं मिळाली, कोट्याच्या कितीतरी वर. त्यांचे सहकारी ब्रायन ओ'हिगिन्स यांना पहिल्या पसंतीची मतं मिळाली अवघी शंभराच्या थोडी वर. तरी ते निवडून आले, कारण डी व्हॅलेरांच्या जादा मतपत्रिकांवर बऱ्याच जणांनी '२' त्यांच्या नावापुढे लिहिला होता.

डी व्हॅलेरा यांच्याच पुढाकारानं १९३७ ची आयरिश राज्यघटना आली आणि आपल्या घटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना तिच्यातून घेतली गेली. १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत त्यांचा मतदारसंघ क्लेअरच होता.